चुलीवरची चव आणि धुराचा हिशेब

डिसेंबर उजाडला की पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या रस्त्यांवर ‘हुरडा तयार आहे’ असे फलक दिसू लागतात. त्याच सुमारास खानदेशात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजली जातात आणि रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, रोह्याकडे शेताच्या बांधावर पोपटीची मडकी उलटी होतात. उन्हाळ्यात कोकणात काजूच्या बिया भाजण्याचा वास गावभर पसरतो, तर पावसाळ्यात घाटाच्या वळणावळणावर निखाऱ्यांवर मक्याची कणसे तडतडतात. उघड्यावर, जाळावर शिजवलेले अन्न आपल्याकडे वर्षभर असते. फक्त ऋतूबरोबर सरपण बदलते, पदार्थ बदलतो आणि आरोग्याला असलेला धोकाही बदलतो.

‘चुलीवरच्या जेवणाची चव न्यारी’ हे खरे आहे आणि त्याला कारणेही आहेत. मात्र त्याच चुलीतून निघणारा धूर चवीसाठी येणाऱ्याला वेगळा भेटतो आणि रोज चुलीपुढे बसणारीला वेगळा.

ज्वाळ, निखारा आणि धूर

लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाळेत जळतो तो लाकडातून निघालेला वायू. तापमान दोन-अडीचशे अंश सेल्सियसच्या पुढे गेले की लाकडाचे घटक फुटू लागतात आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा मोठा भाग असा वायुरूपाने निघून जातो. या वायूंना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ते स्वच्छ पिवळ्या ज्वाळेने जळतात. मिळाली नाही तर ते अर्धवट जळून बाहेर पडतात आणि तोच धूर. डोळ्यांत पाणी आणणारी रसायने, काजळी आणि डांबरासारखे चिकट कण त्यात असतात.

वायू संपले की उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा. निखाऱ्याला ज्वाळ नसते आणि धूरही जवळजवळ नसतो. त्याची उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी थेट पदार्थावर पडते. ती एकसारखी आणि टिकाऊ असते. म्हणूनच भाजण्यासाठी निखारा आणि उकळण्यासाठी ज्वाळ, ही आपल्या आज्यांची विभागणी शास्त्राला धरून आहे. पण धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक ठरत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघत असतो आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो.

चवीचे म्हणाल, तर तिचा मोठा वाटा ‘मायार अभिक्रिये’चा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा होऊन बराच तापला की त्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले एकत्र येतात आणि खरपूस रंग व वास तयार होतो. पाण्यात उकडलेल्या पदार्थाचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून उकडलेल्या कणसाला भाजलेल्या कणसाची चव येत नाही. त्यात धुरातील सुगंधी फिनॉल्सची भर पडते आणि ‘चुलीवरची चव’ तयार होते.

हिवाळा : हुरडा, भरीत आणि पोपटी

हुरडा म्हणजे ज्वारीचे कोवळे दाणे. दाणा भरत असताना त्यातील शर्करेचे हळूहळू पिष्टात रूपांतर होत असते. ते पूर्ण होण्याआधी, दाणा हिरवा, मऊ आणि गोड असताना कणीस कापले जाते. गुळभेंडी, सुरती यांसारखे वाण यासाठी नावाजलेले. आगटीत गोवऱ्या पेटवून त्यांचा विस्तव होऊ देतात आणि मग कणसे त्यात खुपसतात. दाण्याभोवतीची हिरवी तुसे आधी तापतात, दाण्यातले पाणी आतल्या आत वाफ होते आणि दाणा भाजण्याबरोबर वाफवलाही जातो. नंतर तळहातावर चोळले की जळकी तुसे निघून जातात आणि खाणाऱ्याच्या हाती स्वच्छ दाणा येतो.

कोवळ्या ज्वारीबद्दल एक शंका हमखास निघते. जनावरांना ज्वारीची किराळ लागते, मग माणसाला हुरडा कसा चालतो? किराळ लागते ती ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यातील व पानांतील ‘धुरिन’ या घटकामुळे. जनावराने पाने चघळली की त्यापासून हायड्रोजन सायनाइड तयार होते. दाणे भरण्याच्या अवस्थेपर्यंत हा धोका मुख्यतः पानांपुरता आणि फुटव्यांपुरता उरतो, हुरड्याच्या दाण्यात नाही. उरल्यासुरल्या कडब्याचे फुटवे मात्र जनावरांपुढे टाकताना काळजी घ्यावी लागते.

खानदेशी भरीतही याच तत्त्वावर. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांग्याची साल पार काळी होते, पण आतला गर स्वतःच्या पाण्यात शिजतो. काळी साल काढून टाकली की जळण्यातून तयार झालेले बहुतेक अपायकारक पदार्थ तिच्याबरोबर जातात, उरते ती धुराची चव. सालीचे काळे कण गरात राहू नयेत, एवढे पाहावे.

पोपटी तर धुराला आत येऊच देत नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, हवी तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला. मडके उलटे ठेवून भोवती पेंढा, पाला, लाकडे पेटवायची. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांमधले पाणीच वाफ होते आणि मडक्यात कोंडून राहते. मातीचे मडके सावकाश तापते आणि उष्णता धरून ठेवते, त्यामुळे जाळ कमी-जास्त झाला तरी आतले शिजणे चालू राहते.

मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्र करत उडाले की पोपटी झाली, असा अंदाज जाणकार बांधतात. शेंगांपुरता तो ठीक आहे. पण त्यातून कळते ते मडक्याच्या बाहेरच्या भिंतीचे तापमान. मधोमध ठेवलेल्या कोंबडीच्या हाडाजवळ काय चालले आहे, ते त्यावरून कळत नाही. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू कच्च्या कोंबडीत सर्रास आढळतात. अन्नाच्या मध्यभागी किमान ७० अंश सेल्सियस तापमान व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून कोंबडीचे तुकडे लहान करावेत आणि वाढण्यापूर्वी मोठा तुकडा फोडून पाहावा. हाडाजवळ गुलाबी रंग किंवा लालसर पाणी दिसले, तर तो पुन्हा शिजवावा. वालाचे दाणेही अर्धकच्चे खाऊ नयेत. कच्च्या कडधान्यांतील लेक्टिन पोट बिघडवू शकते, ते नीट शिजवल्यावर निष्प्रभ होते.

हिवाळ्यातला सर्वांत मोठा धोका मात्र पदार्थात नसून हवेत असतो. एरवी जमिनीजवळची उबदार हवा वर जाते आणि धूर सोबत नेते. थंडीच्या शांत संध्याकाळी जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड व जड राहते आणि धूर वर चढत नाही. शिवारावर संध्याकाळी निळसर पट्टा तरंगताना दिसतो, तो हाच. उघड्यावर धूर उडून जातो, हा समज अशा वेळी खोटा ठरतो.

जेवण आटोपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी उबेसाठी खोलीत किंवा तंबूत नेणे ही तर जिवावर बेतणारी चूक आहे. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेपटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. आधी डोके दुखते, मग मळमळ आणि गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही.

उन्हाळा : ठिणगी आणि काजूचे तेल

उन्हाळ्यात लाकूड सर्वांत कोरडे असते, जाळ पटकन धरतो आणि धूर कमी होतो. अडचण ठिणगीची. वाळलेले गवत आणि दुपारचा वारा यांच्या संगतीने एक निखारा डोंगर पेटवू शकतो. राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणे भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे, मग ती चहापुरती का असेना. विस्तवावर माती लोटली म्हणजे तो विझला असे नसते. मातीखाली निखारे कित्येक तास तापलेले राहतात आणि अनवाणी पाय भाजतात. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे.

कोकणात काजूच्या बिया भाजताना टरफलातील तेल उडते आणि भडकते. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातील कार्डॉल आणि अ‍ॅनाकार्डिक आम्ल त्वचेवर फोड आणतात. या धुरानेही डोळे आणि घसा चुरचुरतो. म्हणून बिया वाऱ्याच्या दिशेला पाठ करून भाजाव्यात आणि मुलांना लांब ठेवावे.

उन्हात मसाला लावून ठेवलेले मांस-मासे झपाट्याने खराब होतात. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात. शिजवेपर्यंत ते बर्फात असावे आणि शिजवलेलेही दोन तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये.

पावसाळा : ओले सरपण

आगोटीच्या तयारीत कोकणातली घरे सुके मासे, पापड-लोणच्यांबरोबर लाकूडफाटाही भरून ठेवतात. यामागे मोठे शहाणपण आहे. लाकूड हवेतली आर्द्रता सतत शोषत आणि सोडत असते. कोरड्या हवेत सुक्या लाकडात सहा-सात टक्के पाणी उरते, तर पावसाळी दमट हवेत छपराखालचे लाकूडही वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. भिजलेले किंवा नुकते तोडलेले लाकूड त्याहून कितीतरी ओले. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ती जाळातूनच जाते, जाळाचे तापमान उतरते आणि वायू अर्धवट जळतात. म्हणजे ओल्या सरपणात अन्न उशिरा शिजते आणि धूरही जास्त होतो.

अशा वेळी घाईने प्लॅस्टिकची पिशवी, रबराचा तुकडा, रंग दिलेली फळी किंवा प्लायवूड जाळात टाकले जाते. त्यांच्या धुरातील विषारी द्रव्ये थेट अन्नावर बसतात. त्यापेक्षा लाकूड बारीक फोडून घ्यावे, कारण ओल बहुधा बाहेरच्या थरात असते आणि गाभा कोरडा निघतो. नदीतले गुळगुळीत दगड चुलीला लावू नयेत. भेगांत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. कणीस किंवा मांस खोचायला हाताशी आलेली कुठलीही ओली काडी घेऊ नये. कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि ते भाजल्याने जात नाही.

धोका कुणाला, किती?

लाकूड आणि शेण यांच्या धुरातील अतिसूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. ते फुप्फुसांत खोलवर जातात. चोवीस तासांत त्यांचे सरासरी प्रमाण एका घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे. धुरकट चुलीपुढे हे प्रमाण शेकड्यांत सहज जाते. गोवरीचा धूर लाकडाहून अधिक कण सोडतो. घरातल्या चुलीच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. जगभरात घरातील धुरामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

हे आकडे वाचून हंगामात एक-दोनदा हुरडा खाणाऱ्या निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी मात्र जाळापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावे. दमेकऱ्याने नेहमीचा पंप खिशात ठेवावा. करपलेला काळा भाग खाऊ नये आणि मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकू देऊ नये. त्या धुरातून बेंझोपायरिनसारखे कर्करोगकारक पदार्थ मांसावर बसतात.

खरा प्रश्न आहे तो भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा. पाहुणे दोन तास बसून, फोटो काढून निघून जातात. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत चुलीपुढे असते आणि हंगाम दोन-अडीच महिने चालतो. बऱ्याचदा घरीही तिची चूलच असते. तिच्या वाट्याचा धूर कमी करणे अवघड नाही. सरपण आधीच्या उन्हाळ्यात वाळवून झाकून ठेवणे, चुलीला धुराडे बसवणे, चुलीवरचे छप्पर चारी बाजूंनी मोकळे ठेवणे, भाकरीचे काम दोघी-तिघींत पाळीने वाटणे आणि नऊवारी किंवा सुती साडीचा पदर खोचून बसता येईल एवढी मोकळी जागा देणे, एवढ्यानेही फरक पडतो. जवळ पाण्याची बादली हवी. भाजले तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

हुरड्याला जाताना ठिकाण निवडायचे असेल, तर भाकरीच्या चवीबरोबर ती चूल कुठे आणि कशी मांडली आहे, हेही पाहावे. चुलीजवळ दोन मिनिटे उभे राहून डोळे चुरचुरत असतील, तर तिथे दिवसभर बसणारीचे काय होत असेल, हे मालकाला विचारायला हरकत नाही.