आज्जीची ट्रंक

तिकिटं, नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रं तुमच्यापैकी बरेच जण जमवत असतील. पण जुनी कापडं जमवणारा कुणी पाहिलाय? चिंध्या कशाला गोळा करायच्या, असंच वाटतं ना? मलाही वाटायचं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. एका दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची आज्जीची पत्र्याची ट्रंक खाली आली. नेमका त्याच दिवशी 'जुनी जर, जुने शालूऽ' अशी हाळी देत एक जण गल्लीत आला. घरच्यांनी आज्जीच्या लग्नातला शालू त्याला देऊन टाकला. त्यानं तो तराजूत घातला, पैसे मोजले नि गेला. पूर्वीची खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. कापड जाळलं की चांदी उरते. म्हणजे शालू गेला भट्टीत! आज्जी एवढंच म्हणाली, "मला इचारायचं तरी हुतं रं."

उरलेली ट्रंक मग मी तिच्याशेजारी बसून उघडली. लाल पदराचं इरकल लुगडं निघालं. हे कर्नाटकातल्या इलकल गावचं. त्याच्या पदराचे धागे वेगळे असतात आणि ते लुगड्याच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडतात, शिवण नाहीच! मग आजोबांची चंची निघाली. पानाला एक कप्पा, सुपारीला एक, काताला एक. आपल्या दप्तरालासुद्धा एवढे कप्पे नसतात. तळाशी होती वाकळ. तिच्या एकेका ठिगळावर बोट ठेवून आज्जी सांगत गेली, हे माझ्या आईचं लुगडं, हे तुझ्या आत्याच्या बारशाचं. मी वहीत लिहीत गेलो.

असा नाद मोठ्यांनाही लागतो बरं का! पुण्यात दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून अडकित्ते, दिवे, वस्त्रं असं काय काय जमवलं. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला आहे. पुढे त्यांनी हा संग्रह सरकारला देऊन टाकला. सहल पुण्याला गेली तर जरूर बघा.

तुमच्या घरी जरीचं जुनं वस्त्र असेल तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका. आणि ते कुणाचं, कधीचं, हे चिठ्ठीवर लिहून ठेवा.

माझ्या वहीत शालूचं पान अर्धंच आहे. तो जांभळा होता की आमसुली, यावरून आज्जी नि आत्याची अजून जुंपते.