विकत घेतलेला पहारा

जॉन मॅकॅफी हे नाव आपल्याकडे संगणक वापरणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलेलं आहे. १९८७ साली त्याने व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरची कंपनी काढली, १९९४ मध्ये ती सोडली आणि २००८च्या सुमारास कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बेलीझ या छोट्या देशात मुक्काम हलवला. तिथल्या अँबरग्रिस की या बेटावर अगदी समुद्राला लागून त्याचं घर होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याचा शेजारी, फ्लोरिडाहून आलेला एक बांधकाम व्यावसायिक, डोक्यात गोळी लागून स्वतःच्या घरात मृत सापडला. पोलीस चौकशीला आले आणि मॅकॅफी दडून बसला. झडती चालू असताना आपण स्वतःला वाळूत पुरून घेतलं आणि डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं ओढून घेतलं, असं त्याने पुढे पत्रकारांना सांगितलं. तिथून तो सीमा ओलांडून ग्वाटेमालात शिरला. एका नियतकालिकाने छापलेल्या त्याच्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते, त्यामुळे ठावठिकाणा उघड झाला. त्याला अटक झाली आणि १२ डिसेंबरला मायामीला पाठवून देण्यात आलं. जगभर या प्रकरणाच्या दोन गोष्टी रंगल्या. एकीत हा माणूस डोकं फिरलेला श्रीमंत होता, दुसरीत तो लाचखोर पोलिसांच्या तावडीत सापडलेला बळी होता. या दोन्ही गोष्टी मूळ मुद्द्याला बगल देतात, असं मला वाटतं. बिघाड खुनाच्या कितीतरी आधी झाला होता. एका परक्या रहिवाशाने पोलिसांना हत्यारं आणि पैसे दिले आणि ते कुणी अडवलं नाही, तिथेच तिथल्या कायद्याचा पाया खचला.

आधी ती जागा समजून घेऊ. बेलीझ १९८१ मध्ये ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. मॅकॅफीच्या काळात सगळ्या देशाची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराहूनही कमी. राजभाषा इंग्रजी, तिथला डॉलर अमेरिकी डॉलरशी दोनास एक या दराने बांधलेला, आणि समोर युनेस्कोने १९९६ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेली प्रवाळांची लांबलचक रांग. निवृत्त अमेरिकन माणसाला आणखी काय हवं? अँबरग्रिस की हे देशातलं सर्वांत मोठं बेट आणि सॅन पेड्रो हे त्यावरचं एकमेव गाव. रस्त्यांवर मोटारींपेक्षा गोल्फच्या गाड्या जास्त. गावाच्या उत्तरेला किनाऱ्याने बंगले आणि हॉटेलं आहेत, आणि बंगल्यांच्या अंगणापासून पाण्यापर्यंतची वाळूची पट्टी हीच तिथली पायवाट. किनाऱ्यालगतची ही पट्टी बेलीझमध्ये सर्वसाधारणपणे सार्वजनिक मानली जाते. हॉटेलात कामाला जाणारी बाई, मासे धरायला निघालेला पोरगा, फिरायला आलेला पाहुणा, सगळे याच वाळूतून ये-जा करतात. पुढचं भांडण याच पायवाटेवर उभं राहिलं.

परदेशी माणसाला बोलावताना बेलीझ सरकारची नजर कशावर असते, हे निवृत्तांसाठीच्या त्याच्या १९९९च्या योजनेतून स्पष्ट दिसतं. बाहेरून दरमहा दोन हजार डॉलर येतात हे दाखवायचं, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा, वर्षातून थोडे दिवस देशात राहायचं. त्या बदल्यात परदेशातल्या उत्पन्नावर कर नाही आणि घरसामान, गाडी आणायला जकात नाही. ही योजना पर्यटन मंडळ चालवतं. पर्यटन मंडळाने रहिवासी निवडणं मला फार बोलकं वाटतं. कारण पर्यटकाकडून अपेक्षा असते ती खर्चाची, आणि शेजाऱ्याकडून अपेक्षा असते ती वागण्याची. योजनेच्या अटींत पहिलीचा विचार भरपूर आहे. दुसरीबद्दल, म्हणजे जिथे राहणार त्या वस्तीशी या माणसाचं देणंघेणं काय, याबद्दल काहीच नाही. मॅकॅफीच्या वागण्याचं खापर मी या योजनेवर फोडत नाही. पण पैसा आणला की बाकीचं आपोआप जमेल, ही समजूत त्या देशाच्या कारभारात किती खोल मुरलेली होती ते या योजनेवरून कळतं.

मॅकॅफी नुसता समुद्र बघत बसला नाही. मुख्य भूमीवर ऑरेंज वॉक जिल्ह्यात, कार्मेलिता गावाजवळ त्याने जागा घेतली आणि वनस्पतींपासून जंतुनाशक औषध शोधण्यासाठी प्रयोगशाळा उभारली. गावात गुन्हेगारी आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. मग तटरक्षक दलाला बोट भेट दिली गेली, आणि कार्मेलिताच्या पोलिसांना रायफली, बूट, मिरीचे फवारे, विजेचा झटका देणारी साधनं, दंडुके. पुढे तो शिपायांना सुटीच्या वेळेत गस्त घालण्यासाठी पैसेही देऊ लागला. त्याच्याशी महिनोन्‌महिने बोलून अमेरिकन पत्रकार जोशुआ डेव्हिस यांनी हे सगळं छापलं आहे. लपवण्यासारखं यात काही आहे असं मॅकॅफीला वाटत नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यांत गंभीर बाब आहे. चोरून दिलेली लाच निदान चूक आहे हे देणारा-घेणारा दोघांना ठाऊक असतं. इथे सगळा व्यवहार उजेडात, परोपकार म्हणून चालला होता. ज्या गावात एका घराने दिलेली बंदूक शिपायाच्या खांद्यावर आहे आणि त्याच घराचे पैसे त्याच्या खिशात आहेत, त्या गावातल्या माणसाने त्या घराविरुद्ध तक्रार नोंदवायला कुठे जायचं?

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो खोटा नाही. बेलीझचे पोलीस खरोखरच अपुऱ्या साधनांनी काम करत होते. २०१२ मध्ये त्या इवल्या देशात १४५ खून झाले, म्हणजे लाख लोकांमागे चाळीसच्या वर, जेव्हा भारतात हे प्रमाण तीनच्या आत होतं. मरणाऱ्यांत मोठा भाग बेलीझ सिटीच्या गरीब वस्त्यांतल्या तरुणांचा. अशा ठिकाणी कुणी स्वखुशीने मदत केली तर ती नाकारायची का? माझं उत्तर असं, की मदत नाकारू नये, पण ती तिजोरीतून यावी. बोट असो वा बंदूक, ती सरकारी खात्यात जमा होऊन, तिची जाहीर नोंद होऊन, मग गरज असेल त्या ठाण्याला मिळाली तर देणाऱ्याचं नाव शिपायाच्या डोळ्यांपुढे राहत नाही. थेट ठाण्याला दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा वट येतो. खून बेलीझ सिटीत होत असताना रायफली कार्मेलितात पोहोचल्या, यातच गरज कुणाची होती याचं उत्तर आहे.

या वटाचा दुसरा अर्थ मॅकॅफीला ३० एप्रिल २०१२ रोजी कळला. टोळीयुद्धं मोडण्यासाठी २०१०मध्ये उभारलेल्या विशेष पोलीस पथकाने त्याच्या कार्मेलिताच्या जागेवर भल्या पहाटे छापा घातला. बेकायदा औषधनिर्मिती आणि विनापरवाना हत्यार असा संशय होता. त्याचा एक कुत्रा गोळी घालून मारला गेला, त्याला बेड्या घालून ताटकळत ठेवलं गेलं, आणि अखेर खटला काही उभा राहिला नाही. एका राजकारण्याला आपण पैसे दिले नाहीत म्हणून हा सूड उगवला, असा त्याचा दावा होता. सरकारने तो फेटाळला. दावा बाजूला ठेवला तरी छापा आततायी होता, हे मान्य करायला हवं. या पथकाच्या दांडगाईबद्दल तिथले सामान्य नागरिकही तक्रारी करत होते. पण मॅकॅफीचे समर्थक इथे एक गोष्ट विसरतात. पोलीस ही नियमांनी बांधलेली यंत्रणा नसून माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीवर चालणारी गोष्ट आहे, हेच तर त्याने स्वतः दोन-तीन वर्षं आपल्या पैशाने घट्ट केलं होतं. एका ठाण्याशी जमलेला सौदा दुसऱ्या पथकाला लागू होत नाही. आणि सौद्याच्या भाषेत विचार करायची सवय लागलेल्या माणसाला कायद्याची कारवाईसुद्धा फिसकटलेल्या सौद्यासारखीच दिसते. ती कारवाई खरोखर सुडाची होती की नव्हती, हे ठरवायला मग कुणाच्याच हाती काही उरत नाही.

छाप्यानंतर तो बहुतेक वेळ बेटावर राहू लागला. सोबतीला शस्त्रधारी रखवालदार आणि मोकाट सुटलेले कुत्रे. वाळूच्या पायवाटेवरून जाणाऱ्यांच्या अंगावर हे कुत्रे धावत, आणि बंदुका घेतलेली माणसं रात्री-अपरात्री किनाऱ्यावर फिरत. शेजाऱ्यांनी कुरबुर केली, तोंडावर बोलून झालं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्या फ्लोरिडाच्या शेजाऱ्याने सॅन पेड्रोच्या नगर परिषदेकडे रीतसर तक्रार केली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मॅकॅफीच्या कुत्र्यांवर विषप्रयोग झाला आणि त्याने तडफडणाऱ्या कुत्र्यांना स्वतः गोळ्या घातल्या. ११ नोव्हेंबरच्या सकाळी शेजाऱ्याचा मृतदेह सापडला. खून कुणी केला हे कोर्टात कधी सिद्ध झालं नाही. मॅकॅफीने तो शेवटपर्यंत नाकारला, आणि बेलीझच्या पोलिसांनीही त्याला आरोपी न म्हणता फक्त चौकशीसाठी हवा असल्याचं सांगितलं. म्हणून खुनाचा ठपका त्याच्यावर ठेवून मला काही सिद्ध करायचं नाही. मला दिसते ती त्याआधीची पोकळी. सार्वजनिक वाटेवर कुत्रे सोडणं ही कुठल्याही गावात अगदी किरकोळ बाब असते. पालिकेची नोटीस, दंड, फार तर ठाण्यातून समज, एवढ्यावर ती मिटते. इथे ती मिटवणारं कुणीच नव्हतं, कारण तक्रार ज्याच्याविरुद्ध होती तो पोलिसांना एकाच वेळी दाता म्हणूनही आणि संशयित म्हणूनही परिचित होता.

पळून जाताना मॅकॅफी सांगत होता की पोलिसांच्या हाती लागलो तर ते आपल्याला मारून टाकतील. पंतप्रधान डीन बॅरो यांनी त्यावर जाहीरपणे त्याचं डोकं ठिकाणावर नसल्याचं म्हटलं. मला पंतप्रधानांचं हे बोलणं चुकीचं वाटतं. चौकशी बाकी असलेल्या माणसाला सरकारच्या प्रमुखाने वेडा ठरवलं की त्याची भीती आणखी खरी वाटू लागते, आणि ज्या कुटुंबातला माणूस गेला त्यांना हवा असलेला तपास बातम्यांच्या गदारोळात मागे पडतो. त्या वर्षातल्या १४५ खुनांपैकी जगाच्या पत्रकारांना बेलीझमध्ये घेऊन आला तो हा एकच खून. उरलेल्यांच्या घरच्यांना याबद्दल काय वाटलं असेल, याचा विचार फारसा कुणी केला नाही.

मॅकॅफी हा अपवाद होता, त्याच्यावरून नियम कसा काढणार, असं कुणी म्हणेल. त्याचं वागणं अपवादात्मक होतं हे खरं, पण पैशावर उभं केलेलं नातं संकटात कसं वागतं हे बघायचं तर अगदी वेगळ्या स्वभावाचं प्रकरण घ्यावं, आणि ते मुंबईतून सुरू होतं. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेतल्या घोटाळ्यातला आरोपी, हिरेव्यापारी मेहुल चोक्सी याने २०१७ मध्ये गुंतवणुकीच्या मार्गाने अँटिग्वा आणि बार्ब्युडाचं नागरिकत्व मिळवलं. घोटाळा जाहीर होण्याच्या महिनाभर आधी, जानेवारी २०१८ मध्ये, त्याने तिथे शपथ घेतली. मुंबईतून पोलीस पडताळणीचा स्वच्छ दाखला मिळाला होता, असं अँटिग्वाच्या सरकारने नंतर सांगितलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तेव्हा नागरिकाने पहिल्या पाच वर्षांत मिळून पाच दिवस देशात राहिलं तरी चालत होतं. पुढे मे २०२१ मध्ये चोक्सी अँटिग्वातून नाहीसा झाला आणि काही दिवसांत शेजारच्या डॉमिनिकात सापडला. आपल्याला मारहाण करून बोटीतून पळवून नेलं, असं त्याचं म्हणणं. बेकायदा प्रवेश केला, असं डॉमिनिकाच्या पोलिसांचं. वर्षभराने तो गुन्हा मागे घेतला गेला. मात्र त्या गडबडीत अँटिग्वाचे पंतप्रधान गॅस्टन ब्राउन जे बोलले ते विसरण्यासारखं नाही. या माणसाला इकडे परत पाठवू नका, थेट भारतात पाठवा, कारण इथे त्याला नागरिकाचे हक्क आहेत, असं त्यांनी सांगितलं. ज्या सरकारने नागरिकत्व दिलं त्यालाच ते अडचणीचं होताच नकोसं झालं.

चोक्सीवरचे आरोप गंभीर आहेत आणि त्याने भारतातल्या न्यायालयाला सामोरं जावं हेच योग्य. तरीही ब्राउन यांच्या त्या विधानाने मला अस्वस्थ वाटतं, कारण त्यातून प्रत्येक अँटिग्वावासीयाला एक संदेश गेला, की नागरिकत्वाची धार सोयीप्रमाणे बोथट करता येते. अँटिग्वाची लोकसंख्या लाखाच्या घरात. चक्रीवादळ आलं की एका रात्रीत वर्षाची कमाई वाहून जाते, कर्ज महाग मिळतं, साखरेची शेती केव्हाच संपली. अशा देशांनी नागरिकत्व विकू नये असं दुरून सांगणं सोपं आहे, आणि त्या पैशाने शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले असतील तर त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही, हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. माझं म्हणणं इतकंच, की विकत दिलेल्या हक्काला नंतर खऱ्या हक्काची वागणूक द्यायची तयारी हवी, आणि विकत घेणाऱ्यावर स्थानिकांइतकीच बंधनंही हवीत. या दोन्हींपैकी एक जरी गळलं तरी परदेशी रहिवासी आणि स्थानिक यांच्यात उभे असलेले पोलीस ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे झुकतात, आज या बाजूला, उद्या त्या.

अँबरग्रिस कीवरच्या त्या खुनाचा निवाडा अखेर बेलीझमध्ये झालाच नाही. मृताच्या कुटुंबाने फ्लोरिडातल्या न्यायालयात दिवाणी दावा लावला. मॅकॅफीने तो लढवलाच नाही, आणि २०१९ मध्ये त्याच्याविरुद्ध अडीच कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा हुकूम निघाला. आपण एक पैसाही देणार नाही, असं त्याने जाहीर केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या करबुडवेगिरीच्या आरोपावरून त्याला स्पेनमध्ये अटक झाली आणि २३ जून २०२१ रोजी बार्सिलोनाजवळच्या तुरुंगात तो मरण पावला. फ्लोरिडाच्या त्या दाव्यात बेलीझचे पोलीस, कार्मेलिताच्या रायफली, सॅन पेड्रोच्या नगर परिषदेकडची तक्रार यांची उलटतपासणी झाली नाही, कारण समोरची बाजू हजरच नव्हती. ती उलटतपासणी व्हायला हवी होती ती बेलीझच्या न्यायालयात, बेलीझच्या लोकांसमोर. किनाऱ्याच्या त्या पायवाटेने रोज कामाला जाणाऱ्या माणसांना आपल्या पोलिसांनी कुणाचं काय घेतलं आणि त्या बदल्यात काय केलं हे ऐकायचा हक्क होता, आणि तो त्यांना कुणीही दिला नाही.