‘नोकरी’ हा शब्द मंगोलियातून खान्देशात कसा आला?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

जळगाव असो की धुळे, अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला: “नोकरी लागली का?” लग्नाची बोलणीही तिथेच अडतात. पण हा ‘नोकर’ शब्द मूळचा कुठला? चंगेज खानाच्या मंगोलियातला.

मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणजे सोबती. आपलं कुळ सोडून, स्वतःच्या मर्जीने एखाद्या नेत्याला साथ देणारा. तो लढायचा; बदल्यात नेत्याने त्याला अन्न, आसरा आणि लुटीतला वाटा द्यायचा.

‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या 13व्या शतकातल्या ग्रंथात एक गोष्ट आहे. चंगेज, म्हणजे तेव्हाचा तरुण तेमुजिन. त्याच्या घरचे आठ घोडे चोरीला गेले. शोधताना त्याला बोओर्चू नावाचा मुलगा भेटला. ओळख ना पाळख, तरी तो सोबत निघाला. दोघांनी घोडे परत आणले. तेमुजिन त्यातले काही घोडे देऊ लागला, तर बोओर्चूने साफ नकार दिला. मित्राच्या मदतीला आलो, मोबदला कसला घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. पुढे हाच बोओर्चू 10,000 स्वारांचा सेनापती झाला.

मग हा ‘सोबती’ चाकर कधी झाला? 1206 मध्ये तेमुजिन चंगेज खान झाला. त्याने सगळं सैन्य 10, 100, 1000, 10,000 अशा तुकड्यांत बांधलं. इराणी इतिहासकार जुवैनी लिहितो की, नेमलेली तुकडी सोडून दुसरीकडे गेल्यास मृत्युदंड होता. म्हणजे मर्जीने येणं-जाणं संपलं! 1258 मध्ये चंगेजचा नातू हुलागूने बगदाद जिंकलं, इराणवर मंगोलांचं राज्य आलं. तिथे फारसीने हा शब्द उचलला आणि ‘नोकर’चा अर्थ सरकत सरकत पदरी ठेवलेला माणूस असा झाला.

चंगेजच्या फौजा तापीपर्यंत कधीच आल्या नाहीत. आली ती फारसी. 1382 च्या सुमारास मलिक राजाने शिरपूरजवळच्या थाळनेरहून स्वतंत्र कारभार सुरू केला. हे फारुकी घराणं मंगोल नव्हतं, पण त्या काळी सुलतानांच्या दरबारात फारसीचाच मान होता. जानेवारी 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि मुलगा दानियालच्या नावावरून खान्देशाला ‘दानदेश’ म्हटलं.

गंमत बघा, ‘मुघल’ हा ‘मंगोल’चाच फारसी उच्चार. पण ते स्वतःला ‘गुरकानी’ म्हणवायचे. ‘गुरकान’ म्हणजे मंगोल भाषेत जावई! त्यांचा पूर्वज तैमूर याने चंगेजच्या वंशातली मुलगी केली होती, त्याचा हा अभिमान. त्यांच्या मनसबदारीतही 10 पासून चढत जाणारे आकडे होते, चंगेजच्या सैन्यासारखेच.

‘बहादूर’ आणि ‘दारोगा’ हे शब्दही फारसीच्या याच वाटेने आपल्याकडे आले. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘नोकर’. आपण या शब्दात फक्त हुकूम पाळणारा बघतो. मुळात त्यात दोन्ही बाजूंचा शब्द होता: एकाने साथ द्यायची, दुसऱ्याने सांभाळायचं. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा हे डोक्यात असू द्या. तिथे तुम्हाला पारखतात, तसं तुम्हीही त्यांना पारखायला हरकत नाही.

भेटू पुढच्या भागात!