माहिती चौकट : जासईचा कौल

नवी मुंबईच्या सान्निध्यात असूनही उरण तालुक्यातील जासईचा कारभार महापौराकडे नव्हे, तर १९५८ च्या अधिनियमान्वये ग्रामपंचायतीकडे आहे.

सदस्य : लोकसंख्येनुसार ७ ते १७, मुदत ५ वर्षे, निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव.

सरपंच : मतदारांनी त्यास थेट निवडावे ही तरतूद २०१७ साली झाली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली पुनश्च अमलात आली.

वारसा : पुढे पनवेलचे नगराध्यक्षपद, विधानसभा आणि लोकसभा गाजविणारे दि. बा. पाटील १९२६ साली येथेच जन्मले. आणि ज्या भूमीसाठी १९८४ च्या जानेवारीत भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात या परिसरातील ५ शेतकऱ्यांनी प्राण वेचले, त्या भूमीवरील प्रत्येक मत हे त्या बलिदानाचे पवित्र स्मरणच होय.