९४ वर अडलेला वेग

कनेक्शन ३०० एमबीपीएसचं, संगणकाला थेट राउटरची केबल; तरी स्पीड टेस्ट ९४-९५च्या पुढे सरकत नाही. हा आकडा दिसला की आधी केबलकडे बघावं.

गिगाबिट वेगाला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात. दाराच्या फटीत चेपून एखादी तार तुटली, तर संगणक आणि राउटर बहुधा गुपचूप १००वर उतरतात. इंटरनेट चालूच राहतं, म्हणून हा दोष महिनोन् महिने लपून राहतो.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली ‘लिंक स्पीड’ १००/१०० दिसला, तर चांगली कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल लावून पाहावी.

तरीही तेच? मग राउटरचं पोर्ट तपासा. काही स्वस्त राउटरचे पोर्टच १००चे असतात; तिथे केबल बदलून उपयोग नाही.