शब्बाथ कोणता, रविवार कोणाचा?

कोकणात, अलिबाग-पेणच्या बाजूला, घाण्यावर तेल गाळणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शब्बाथ म्हणजे काय, हे मराठी माणसाला या दोन शब्दांत कळलेले होते. घोटाळा होतो तो ख्रिस्ती शेजाऱ्यापाशी. दहा आज्ञा त्याच्याही पवित्र शास्त्रात आहेत आणि त्यांत शब्बाथ पाळण्याची आज्ञाही आहे. मग त्याची उपासना रविवारी कशी?

‘रविवार हाच ख्रिस्ती लोकांचा शब्बाथ’ हे सरसकट उत्तर चुकीचे आहे. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा. त्याचे नाव चर्चनेही पुसले नाही. पोर्तुगीज भाषेत शनिवार आजही ‘साबादु’ आहे आणि रविवार ‘दोमिंगु’, म्हणजे प्रभूचा दिवस. रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस. येशूचे पुनरुत्थान या दिवशी झाले, म्हणून तो मानाचा. मात्र हा गैरसमज अगदीच निराधार नाही. 1640च्या दशकात तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्याने पुनरुत्थानापासून शब्बाथ पहिल्या दिवशी आला असे सांगितले आणि रविवारला ‘ख्रिस्ती शब्बाथ’ म्हटले. तो मानणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या तोंडी रविवार म्हणजे शब्बाथच असे.

सर्वांत चिवट समज रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनविषयीचा आहे. त्यानेच म्हणे शब्बाथ शनिवारवरून रविवारवर ढकलला. त्याचा हुकूम खरा आहे. 7 मार्च 321 रोजी त्याने ‘सूर्याच्या दिवशी’ न्यायाधीशांनी आणि शहरी लोकांनी काम थांबवावे असे फर्मावले. शेतकऱ्यांना मात्र मुभा दिली, कारण पेरणीची वेळ कुणासाठी थांबत नाही. हुकमात ना शब्बाथाचे नाव, ना ख्रिस्ताचे. ख्रिस्ती लोक रविवारी त्याच्याआधीच जमत होते. इसवी सन 150च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने तेव्हाच्या सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात या सभेचे वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यातले लोक एकत्र येतात, प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. ऐपत असलेले जे देतात त्यातून अनाथ, विधवा आणि कैदी यांची सोय होते. हे हुकमाच्या सुमारे 170 वर्षे आधीचे. कॉन्स्टंटाइनने सुट्टी दिली, दिवस दिला नाही.

उलट, शनिवारही लगेच सुटला नव्हता. चौथ्या शतकातल्या लावदिकीया येथील परिषदेने ख्रिस्ती लोकांना शनिवारी विश्रांती घेण्याची मनाई केली. कुणी घेतच नसते, तर मनाईची गरज काय होती?

‘येशूनेच शब्बाथ मोडीत काढला’ असेही सांगतात. शुभवर्तमानांत तो शब्बाथी सभास्थानात जातो आणि त्याच दिवशी आजारी माणसाला बरे करतो. वाद होतो तो शब्बाथ कसा पाळावा यावर. पाळावा की नाही, हा प्रश्न पुढे यहुदी नसलेले लोक मंडळीत आले तेव्हा उभा राहिला. प्रेषितांच्या यरुशलेममधल्या सभेने त्यांच्यावर सुंतेची सक्ती केली नाही, आणि तिने पाठवलेल्या पत्रात शब्बाथाचा उल्लेखही नाही. प्रेषित पौल कलस्सैकरांस लिहितो की सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कुणी तुम्हांला दोष लावू नये. या ओळीवरून आजही भांडण आहे. बहुतेक पंथ म्हणतात, शनिवारचे बंधन इथे संपले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट म्हणतात, इथे सणांचे शब्बाथ अभिप्रेत आहेत, साप्ताहिक नव्हे.

1863 साली अमेरिकेत संघटित झालेला हा पंथ शनिवारच पाळतो. पुण्यातले स्पायसर विद्यापीठ त्यांचेच. त्यांना ‘ज्यूंची नक्कल करणारे’ म्हणणे अन्यायाचे आहे. इथिओपियाच्या प्राचीन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये शनिवार आणि रविवार दोन्हींना मान आहे. ल्यूथरपंथीयांची तऱ्हा तिसरीच. 1530च्या ऑग्सबर्ग विश्वासनाम्यानुसार रविवार हा शब्बाथाच्या जागी आलेला सक्तीचा दिवस नाही. लोकांना कधी जमायचे ते कळावे, म्हणून ठरवलेला तो दिवस. हे मला सगळ्यांत सरळ उत्तर वाटते, पण सगळ्या चर्चना ते मान्य नाही. कॅथलिक शिकवणीनुसार शनिवारचा विधी संपला असला तरी एक दिवस देवाला देण्याची आज्ञा उरते, आणि रविवारची मिस्सा हे कर्तव्य ठरते.

आता वसईत किंवा गोव्यात एखादा कॅथलिक शनिवारी संध्याकाळी मिस्सेला निघालेला दिसला, तर तो शब्बाथ पाळतो आहे असे समजू नका. ती मिस्सा रविवारच्या खात्यात जमा होते, कारण चर्चच्या उपासनेत रविवार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. दिवस संध्याकाळपासून मोजायची ही रीत ज्यूंकडूनच आलेली. म्हणजे शनिवार तेल्याचा शब्बाथ संपत येतो, त्याच सुमाराला चर्चची घंटा वाजते.