जुनी होडी वाजवून घ्यावी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बीबीच्या माणसाने होड्यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे गाव लोणार तालुक्यातले, मेहकर-जालना रस्त्यावरचे. शेजारचे नामांकित पाणी म्हणजे लोणारचे खारे सरोवर, आणि त्यात कोणी जाळे टाकत नाही. पण जालन्याच्या दिशेने निघालात, की दुसरबीड सोडल्यावर राहेरीच्या पुलाखाली खडकपूर्णा भेटते. तिच्यावरच वरच्या अंगाला, देऊळगाव महीजवळ, खडकपूर्णाचे धरण आहे. त्याच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. जिथे जलाशय तिथे मासेमारी, आणि जिथे मासेमारी तिथे होडी आलीच.

माझा धंदा फायबरचा. वाळूजच्या कारखान्यात टाक्या आणि पत्रे बनवताना हात बसला, पुढे गावी येऊन दुरुस्तीचे काम धरले. त्यामुळे लाकडी होडीतले मला फारसे कळत नाही. पण फायबरच्या होडीचे अंग कसे बनते आणि कसे बिघडते, हे कळते. नवी होडी परवडत नाही म्हणून चार भाऊबंद वर्गणी काढून जुनी घेतात. कोकणात कोणी होडी विकायला काढली, की ती ट्रकवर चढून इकडे येते. घेणारा विचारतो, 'काका, कशी वाटते?' अशा वेळी मी काय काय पाहतो, तेवढेच सांगतो.

आधी वस्तू समजून घेऊ. फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू. त्यांच्या चटया साच्यात एकावर एक पसरायच्या आणि पॉलिएस्टर रेझीनने भिजवायच्या. हार्डनरमुळे रेझीन कडक होते. अमेरिकेत १९४२ साली अशी पॉलिएस्टरची पहिली लहान होडी तयार झाली, नंतर हे तंत्र जगभर गेले. बाहेरून जो गुळगुळीत, रंगीत थर दिसतो तो जेलकोट. घराला जसा गिलावा, तसा होडीला जेलकोट. ताकद आतल्या थरांत असते. हे एकदा लक्षात आले की रंगावर भाळण्याचे कारण उरत नाही.

उलट, ताजा रंग पाहिला की मी सावध होतो. 'दादा, कालच रंग मारलाय, नवीकोरी दिसते बघा,' असे विकणारा म्हणाला की मी विचारतो, रंगाखाली काय होते? होडीच्या आत डोके घालून वास घ्यावा. रेझीनचा उग्र वास येत असेल, तर डागडुजी नुकतीच झालेली आहे. दुरुस्ती असणे हा दोष नाही, लपवणे हा दोष आहे. बाहेरून ठिगळ घासून सारखे करता येते, पण आतल्या खडबडीत बाजूवर ते सहसा झाकत नाही. म्हणून तळाच्या फळ्या उचलायला लावायच्याच.

मग होडी उलटी करून सावलीत ठेवावी आणि वाजवावी. बाजारात मडके घेताना आपण बोटाने टिचकी मारतो ना, तसेच. रुपयाचे नाणे किंवा लहान प्लास्टिकची हातोडी घेऊन वीतभर अंतराने ठोकत जायचे. थर एकजीव असतील तर आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरले असेल, तर आवाज बद्द होतो. अशा जागेवर खडूने गोल काढावा. सगळी होडी ठोकून झाली की मागे सरून खडूच्या खुणा पाहाव्यात. दोन-चार सुट्या खुणा असतील तर दुरुस्ती जमते. तळाच्या मधल्या कण्याच्या बाजूने खुणांची रांगच लागली असेल, तर मी सौदा पुढे नेऊ देत नाही.

भेगा दोन जातीच्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा बहुधा जेलकोटपुरत्या असतात. उन्हाने, एखाद्या धक्क्याने येतात. पण जी भेग लांब आहे, जिच्यात नख अडकते आणि आतल्या बाजूलाही जिची खूण दिसते, ती थरांतून गेलेली समजावी. भेगेशेजारी तळहाताने जोर द्यावा. तिथले अंग पत्र्यासारखे आत-बाहेर होत असेल तर आधार तुटलेला आहे.

आता एक गोष्ट, जी ऐकून कोकणातले होडीवालेही कधी कधी चकित होतात. तळावर वाटाण्याएवढे, कधी रुपयाएवढे फोड आलेले दिसतात. जेलकोटमधून पाणी अगदी सावकाश आत झिरपते, आत न मुरलेली रसायने त्यात विरघळतात, आणि तो पाक आणखी पाणी ओढून घेतो. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते, त्याच जातीचा हा प्रकार, फक्त उलट्या दिशेने. समुद्राचे पाणी मुळातच खारट, म्हणून तिथे ही ओढ कमी. धरणाच्या गोड्या पाण्यात ती जास्त. त्यामुळे समुद्रात वर्षानुवर्षे धड राहिलेल्या होडीला आपल्याकडे आल्यावर फोड धरू शकतात. फोड टोचून पाहायचा तर डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण आतले पाणी दाबाखाली असते. त्याला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. थोडे फोड घासून, पुरते वाळवून भरता येतात. वाळायला मात्र आठवडे लागतात, आणि ती घाई कोणी करू नये.

सगळ्यांत जास्त फसवणूक मागच्या फळीत होते. इंजिन जिथे अडकवतात ती फळी बाहेरून फायबर दिसते, पण आत बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते. इंजिन लावलेले असेल तर ते धरून वर-खाली हलवावे आणि फळीकडे पाहावे. फळी वाकली, बोल्टभोवती भेगा दिसल्या, तपकिरी पाणी ओघळलेले दिसले, तर आत लाकूड उरलेले नाही. फळी बदलणे हे मोठे काम. त्याचा खर्च किमतीतून वळता केल्याशिवाय बोलणी करू नयेत. समुद्रातून आलेल्या इंजिनात थंडाव्याच्या वाटा मिठाने भरलेल्या असू शकतात. इंजिन पाण्यात चालू करून, बाजूने पाण्याची धार नीट सुटते का ते बघावे.

तळाखाली किंवा बाकांत फोम भरलेला असतो. होडीत पाणी भरले तरी ती बुडू नये, यासाठी तो. पण फोमच पाणी प्याला तर तारणारा तोच ओझे होतो. यावर आपल्याकडे एक सोपा उपाय आहे: वजनकाटा. कापूस-सोयाबीनच्या ट्रॉल्या मोजतो, त्याच काट्यावर ट्रॉली आधी रिकामी आणि मग होडीसह मोजावी. बनवणाऱ्याने दिलेल्या वजनाशी, नाहीतर तशाच दुसऱ्या होडीशी ताडून पाहावे. काटा पाच-दहा किलोचा फरक दाखवत नसेल, पण भिजलेला फोम त्याहून पुष्कळ भरतो.

हे मी किमतीसाठी सांगत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जण गेले. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत अशीच दुर्घटना झाली होती. वारा आपल्या हातात नाही. पण भिजून जड झालेली होडी त्या वाऱ्यात मुळातच अर्धी हरलेली असते. लाइफ जॅकेटचे पैसे होडीच्या किमतीतच धरा, 'पुढच्या हंगामात घेऊ' म्हणू नका.

शेवटची परीक्षा पाण्याची, आणि ती दोन वेळा घ्यायची. आधी जमिनीवर: होडी वाळूच्या पोत्यांवर नीट टेकवून आत चार बोटे पाणी ओतायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी बाहेरून जिथे ओल दिसेल तिथे गळती. मग धरणात: रोजच्या माणसांइतके वजन घालून तासभर उभी करायची. ती एका अंगाला कलत असेल तर त्या बाजूला पाणी मुरलेले असण्याचा संशय धरावा.

कागदांचेही बघा. किनाऱ्यावरच्या होडीला नोंदणी क्रमांक असतो. तो होडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, तिच्यावर कर्ज थकलेले आहे का, हे विचारावे. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू आहे, आणि इंजिनाच्या होडीला नोंदणी व तपासणी लागते. नद्यांतून चोरटी रेती उपसणाऱ्या होड्याही स्वस्तात फिरत असतात. त्यांचे तळ घासून पातळ झालेले असतात आणि मालक नाव सांगत नाही. तसली होडी फुकट मिळाली तरी मी हात लावत नाही.

तपासायला जाताना खडू, नाणे, बॅटरी, दोरी आणि एक जुना टॉवेल सोबत ठेवावा. दोरी पुढच्या टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत ताणायची. दोन्ही अंतरे सारखी भरली नाहीत तर होडी पिळलेली आहे. टॉवेल तळ पुसायला लागतो, कारण विकणारा बहुधा ती धूळ तशीच ठेवतो.